चॅप्टरवरचे शेरे मुलगे आणि मुली वेगळे घेतात का? गाईडने नेमकं काय बदलावं?

पामबीच_वाशी

नमस्कार मंडळी. नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात पर्यावरणशास्त्र शिकवते. यंदा पीएचडीची गाईडशिप (विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करायची मान्यता) मिळाली. सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात, ते चारही भरले: दोन मुली, दोन मुलगे.

प्रबंधाच्या पहिल्या चॅप्टरवर एक विद्यार्थिनी आणि एक विद्यार्थी अशा दोघांना जवळजवळ सारखाच शेरा दिला होता: "पद्धतीचा भाग कच्चा आहे, पुन्हा लिहा." विद्यार्थिनीने तो सबंध भाग काढून टाकला, त्यातलं चांगलं होतं तेही गेलं. विद्यार्थ्याने दोन वाक्यं बदलून तीच फाईल परत पाठवली. विभागातले ज्येष्ठ म्हणतात, "मुलींना जपून सांगायचं, मुलग्यांना ठोकून सांगितलं तरी चालतं." मला हे पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. यावर खरंच काही अभ्यास झालाय का? आणि शेरे लिहायचे कसे, म्हणजे अगदी कागदावर काय लिहायचं? तत्त्वज्ञान नको, पद्धत हवी आहे.

येऊर

पामबीच, हा सल्ला पुष्कळ विभागांत ऐकू येतो. त्यातलं "ठोकून सांगा" वाईट आहेच, पण माझ्या मते "जपून सांगा" जास्त नुकसान करतं. आधी अभ्यास काय सांगतात ते बघू.

टॉमी-अ‍ॅन रॉबर्ट्स आणि सुझन नोलन-होक्सेमा या दोघींचं १९८९ आणि १९९४ चं काम या विषयात सर्वांत जास्त वाचलं जातं. दुसऱ्याने केलेल्या मूल्यमापनानंतर स्वतःच्या कामाबद्दलचं मत स्त्रियांच्या बाबतीत पुरुषांपेक्षा जास्त हलतं, असं त्यांना दिसलं. शेरा वाईट असेल तर खाली, चांगला असेल तर वर. त्यामुळे "मुली टीकेने खचतात" एवढंच उचलणं म्हणजे अर्धा निष्कर्ष उचलणं. कारण शोधलं तेव्हा आत्मविश्वास कमी असण्यापेक्षा वेगळंच पुढे आलं: स्त्रिया शेऱ्याला माहिती म्हणून जास्त किंमत देत होत्या. पुरुष त्याच शेऱ्याकडे चढाओढीच्या नजरेने बघून तो बाजूला सारण्याकडे झुकत होते. तुमचे दोघं या चौकटीत बसतात. एकीने शेरा पूर्ण खरा मानला, एकाने जवळजवळ मानलाच नाही. नेमकं काय दुरुस्त करायचं ते मात्र दोघांनाही कळलं नाही, कारण शेऱ्यात ते नव्हतंच.

आता सावधगिरीचा भाग. असे प्रयोग बहुतेक अमेरिकेतल्या पदवीच्या विद्यार्थ्यांवर, थोड्या वेळाच्या कामांवर झालेत. गाईडबरोबरचं चार-सहा वर्षांचं नातं त्यात येत नाही. शिवाय जॅनेट हाईड यांनी २००५ मध्ये स्त्री-पुरुष फरकांवरची, अनेक अभ्यासांचे निष्कर्ष जोडणारी ४६ मेटा-अ‍ॅनालिसिस एकत्र तपासली, तेव्हा ७८ टक्के फरक एकतर लहान किंवा शून्याच्या आसपास निघाले. सरासरीतला असा फरक समोर बसलेल्या एका विद्यार्थ्याबद्दल काहीच सांगत नाही. शेरे झटकणाऱ्या मुली आणि एका वाक्याने आठवडाभर झोप उडणारे मुलगे, दोन्ही प्रत्येक विभागात असतात.

फरक विद्यार्थ्यांत जेवढा आहे त्याहून जास्त शेरे देणाऱ्यांत दिसतो, आणि याकडे गाईड लोक बघतच नाहीत. कॅरल ड्वेक आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये शाळेच्या वर्गात बसून नोंदी केल्या. मुलग्यांना मिळणारं रागावणं बरंचसं गडबड, गबाळेपणा, लक्ष नसणं यावर होतं. मुलींना मिळणारी टीका मात्र जवळजवळ सगळी उत्तराच्या बौद्धिक दर्जावर होती. वर्षानुवर्षं असं ऐकल्यावर "कच्चं आहे" हा शब्द एकाला "मी नीट लक्ष दिलं नाही" असा ऐकू येतो आणि दुसरीला "मला जमत नाही" असा.

मोठेपणी याचं दुसरं टोक दिसतं. लिली जॅम्पोल आणि व्हिव्हियन झायस यांच्या २०२१ च्या अभ्यासात सारख्याच कमकुवत निबंधांवर लेखिका स्त्री आहे असं कळल्यावर लोकांनी जास्त गोड आणि कमी खरे अभिप्राय दिले. शेली कॉरेल आणि कॅरोलिन सिमार्ड यांना २०१६ मध्ये कंपन्यांच्या मूल्यमापनात दिसलं की स्त्रियांबद्दलचे अभिप्राय जास्त मोघम असतात. "जपून सांगणं" म्हणजे व्यवहारात हेच होतं. दुसऱ्या चॅप्टरमधली चूक सौम्यपणे झाकली जाते आणि चार वर्षांनी बाहेरचा परीक्षक ती उघडी करतो. तेव्हा पुन्हा नमुने घ्यायला वेळ नसतो.

अजून एक आकडा लक्षात ठेवा. क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरचे जुने अभ्यास एकत्र केले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा झाला, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा कामगिरी उलट घसरली. त्यांचं स्पष्टीकरण असं, की लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं की घसरण होते. म्हणून "तुझं वाचन कमी आहे" आणि "पान ९ वरच्या दाव्याला २०१५ नंतरचा एकही संदर्भ नाही" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या वाक्याने माणूस स्वतःचा विचार करत बसतो, दुसऱ्याने पान ९ उघडतो.

तुर्भे_लॅब

येऊर यांनी पाया सांगितला, मी कागदावरचं सांगतो. चौघांनाही एकच पद्धत लावा. मुलगा-मुलगी बघून वेगळी करू नका.

तुमचा तोच शेरा घेऊ. समजा चॅप्टर ठाणे खाडीतल्या गाळातल्या जड धातूंवर आहे. "पद्धतीचा भाग कच्चा आहे" याऐवजी असं लिहा:

"पान १४, नमुना-संकलन. ऐरोली आणि वाशी इथून गाळाचे नमुने घेतले असं लिहिलं आहे. भरती होती की ओहोटी, किती खोलीवरून घेतले, प्रत्येक ठिकाणी किती प्रतिनमुने, हे नाही. त्यामुळे तक्ता ३ मधला शिशाचा फरक जागेमुळे की वेळेमुळे, हे वाचणाऱ्याला ठरवता येत नाही. फील्ड-डायरीतून तारीख, वेळ, खोली उचलून अर्ध्या पानाचा तक्ता करा. प्रतिनमुने तीनपेक्षा कमी असतील तर तसं सरळ लिहा आणि दोन ठिकाणांच्या तुलनेचा दावा काढा. पान १५-१६ वरचं आम्ल-पचनाचं वर्णन नीट आहे, त्याला हात लावू नका."

यात पाच गोष्टी आहेत: जागा, काय नाही, त्याने काय बिघडतं, पुढे काय करायचं, आणि काय तसंच ठेवायचं. शेवटचं वाक्य बहुतेक गाईड लिहीत नाहीत. सगळं मनावर घेणारा विद्यार्थी सगळं पुसतो तो याच एका वाक्याअभावी. आणि जो काहीच मनावर घेत नाही त्याला "दोन वाक्यं बदलली" म्हणायला इथे जागा उरत नाही. तक्ता आहे किंवा नाही, एवढंच.

शेऱ्यांना तीन खुणा ठरवा: 'क' म्हणजे केलंच पाहिजे, 'व' म्हणजे विचार करा आणि ठरवा, 'ठ' म्हणजे ठेवा. तीस पानांच्या चॅप्टरला पाच-सहाच 'क' द्या, त्याहून जास्त नको. भाषेच्या चुका पहिल्या दोन पानांवर खुणावून दाखवा आणि थांबा, "याच प्रकारच्या चुका पुढे शोधा" एवढं लिहा. पानापानाला शेरे झाले की विद्यार्थी वरून खाली येत स्वल्पविराम नीट करतो आणि मूळ चुकीपर्यंत पोचण्याआधीच थकतो. मग आपण म्हणतो याने वरवरचं केलं.

वर्डमधलं ट्रॅक चेंजेस (फाईलमध्ये केलेले बदल दाखवणारी सोय) लावून स्वतः वाक्यं लिहून देऊ नका. 'अ‍ॅक्सेप्ट ऑल' दाबलं की काम संपतं, शिकणं शून्य. समासात कॉमेंट लिहा, वाक्य त्यांचं त्यांना लिहू द्या.

चॅप्टरच्या वर आठ-दहा ओळींचं टिपण जोडा. त्यात पहिल्यांदा चॅप्टरचा मुख्य दावा तुमच्या शब्दांत. तुम्ही लिहिलेला दावा आणि विद्यार्थ्याच्या मनातला दावा वेगळा निघाला तर निम्मे शेरे तिथेच रद्द होतात. मग चॅप्टर कुठल्या टप्प्यावर आहे ते: पहिला खर्डा, दुसरा, की सिनॉप्सिसच्या (प्रबंधाआधी द्यायच्या सारांशाच्या) जवळ आलेला. हे न सांगितल्यास पहिल्या खर्ड्यावरचे बारा शेरे "मी नापास" असे वाचले जातात, तर दुसऱ्याला तेच बारा शेरे "थोडंच राहिलंय" वाटतात. शेवटी तारीख.

लेखी शेरे भेटीच्या निदान दोन दिवस आधी पाठवा. समोरासमोर पहिल्यांदा ऐकवले की तो वेळ सावरण्यात जातो. भेट पाऊण तासाची ठेवा. पहिली दहा मिनिटं विद्यार्थ्याने बोलायचं: 'क' खुणेचे शेरे स्वतःच्या शब्दांत सांगायचे आणि कोणता पटला नाही ते सांगायचं. तोवर गाईडने बोलायचं नाही. हे अवघड जातं, पण इथेच कळतं की शेरा कसा पोचला.

भेटीनंतर एक तक्ता, चार रकाने: शेरा, काय केलं, कुठल्या पानावर, आणि केलं नसेल तर का नाही. तिसऱ्या रकान्यात पान-क्रमांक हवाच, "दुरुस्त केलं" एवढं चालत नाही. चौथ्या रकान्यात प्रत्येक चॅप्टरला किमान एका शेऱ्याशी कारणासकट असहमती लिहायचीच, हा नियम करा. हो-ला-हो करणाऱ्या विद्यार्थ्याला गाईडशी वाद घालायची रीतसर परवानगी यातून मिळते, आणि पुढे व्हायव्हात (प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत) नेमकं हेच लागतं. ज्याचा चौथा रकाना भरगच्च आणि तिसरा रिकामा, त्याच्याशी तक्ता समोर ठेवूनच बोला.

आणि गाईडची बाजू: चॅप्टर मिळाल्यापासून किती दिवसांत परत देणार ते आधी सांगा. दोन आठवडे ठीक. महिनाभर चॅप्टर पडून राहिला की विद्यार्थी त्या शांततेचा अर्थ आपापल्या परीने लावतो.

पामबीच_वाशी

तुर्भे, तीन खुणा आणि चार रकाने उद्यापासून लावते. चौथ्या रकान्याचा नियम फार आवडला.

दोन गोष्टी राहिल्या. भेटीत कोणी रडलं तर काय करायचं? आणि शेऱ्यांनंतर महिना महिना फोनच न उचलणारा विद्यार्थी, त्याचं काय?

पारसिक

आधी दुसरं घेते, कारण ते जास्त धोक्याचं आहे. रडणारा विद्यार्थी निदान समोर असतो.

गायब होणाऱ्यांत मुलगे जास्त असतात असं गाईड सांगतात. पुरुष मदत कधी मागतात आणि कधी टाळतात यावर अ‍ॅडिस आणि महालिक यांचा २००३ चा लेख आहे. अडचण आपल्या एकट्यालाच आहे असं वाटलं, ती आपल्या ओळखीच्या गाभ्याशी भिडली, किंवा सोबत्यांसमोर कमीपणा येईल असं वाटलं, की मदत मागणं थांबतं. "मला आकडेवारी कळत नाही" हे तिसऱ्या वर्षी ज्युनिअर पोरांसमोर म्हणणं म्हणजे तिन्ही एकदम. म्हणून मदत मागणं हा नेमाचा भाग करा. दर पंधरा दिवसांनी चौघांनीही एक ओळ पाठवायची: "अडलेली जागा." काही अडलं नसेल तरी ओळ पाठवायचीच. सगळेच लिहितात म्हटल्यावर लिहिण्यात कमीपणा उरत नाही. आणि लॅब मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत चॅप्टरची चिरफाड करू नका. तिथे फक्त आलेख, तक्ते, पुढचं काम.

गायब झालेल्याला "काय चाललंय? कळवा" असे मेसेज पाठवू नका. त्याला उत्तर द्यायचं तर आधी चार आठवड्यांचा हिशेब द्यावा लागतो, म्हणून तो देतच नाही. असं लिहा: "चॅप्टर ३ बाजूला ठेवा. तक्ता २ खाली दोन पानांचं विवेचन शुक्रवारपर्यंत पाठवा, अर्धवट असलं तरी चालेल. सोमवारी सकाळी ११ ला भेटू." लहान काम, पक्की तारीख, मागच्याचा हिशेब नाही. दोन वेळा असं करूनही उत्तर नाही आलं तर आरएसीच्या (संशोधन सल्लागार समितीच्या) सहामाही बैठकीची वाट बघू नका, समितीतल्या दुसऱ्या सदस्याला बोलायला सांगा. गाईडसमोर न बोलणारा तिथे बोलतो.

पैशाचं कारण विचारायला विसरू नका. यूजीसी-सीएसआयआरची जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) ४२,००० रुपये आहे. पण फेलोशिप नसलेले बरेच जण तासिका तत्त्वावर दोन-दोन कॉलेजांत शिकवतात. घरी कमावता मुलगा म्हणून बघत असतील तर टीकेपेक्षा तो ताण मोठा असतो आणि आपल्याला मात्र "शेरे मनावर घेत नाही" एवढंच दिसतं. मुलींच्या बाबतीत त्याच जागी घरकाम, लग्नाची बोलणी, लहान मूल असतं. वागणं बघून स्वभाव ठरवण्याआधी आठवडा कसा जातो ते विचारा.

आता रडणं. पाणी द्या, दोन मिनिटं गप्प बसा. शेरा मागे घेऊ नका. घाईने "नाही नाही, तसं चांगलंय" म्हटलंत तर पुढच्या वेळी कोणता शेरा खरा मानायचा हे कळत नाही. "रडू नकोस" पण नको. एवढंच विचारा: "आत्ता पुढे जाऊ, की उद्या सकाळी बसू?" उद्या म्हटलं तर वेळ तिथेच ठरवा. शेरे लेखी आधीच गेलेले असतील तर काही हरवत नाही. मुलगा रडला तरी हेच, त्यात बदल नाही. वारंवार होत असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर तो चॅप्टरचा प्रश्न राहिलेला नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. तो सगळ्यांच्या माहितीत असू द्या.

एक मुद्दा कोणी विचारत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. पुरुष गाईड असले की मुलग्यांबरोबर टपरीवर चहा होतो आणि अर्धं मार्गदर्शन तिथेच उरकतं: कुठल्या जर्नलला पाठवायचं, परीक्षक काय विचारतील, कुठला शेरा गंभीर आणि कुठला नाही. मुली त्या टपरीवर नसतात. त्यांना फक्त कागदावरचे शेरे मिळतात, भाष्य मिळत नाही. मग मुली सगळेच शेरे सारखे गंभीर घेतात यात नवल काय? तुम्ही स्वतः बाई आहात, तरी विभागात सहगाईड किंवा आरएसीतले सर असतील तर हे लागू आहे. चॅप्टरबद्दल बाहेर जे बोललं जाईल ते दर आठवड्याला एका टिपणात सगळ्यांसाठी लिहायचं, हा नियम करून घ्या.

वेळेचंही तसंच. खारघरला साडेसहाची भेट ठेवली तर बदलापूरच्या विद्यार्थिनीला ठाण्याला गाडी बदलून घरी पोचायला रात्र होते. ती भेटीच्या शेवटी प्रश्न विचारत नाही, घड्याळ बघते. अकरा ते चार या वेळात भेट ठेवा, दार उघडं ठेवा, आणि हे चौघांनाही सारखंच. सावधगिरी म्हणून मुलींच्या भेटी फक्त गटात घेणारे गाईड त्यांचा एकट्याचा पाऊण तास काढून घेतात.

घणसोली_९

संशोधक विद्यार्थिनी म्हणून पारसिकताईंच्या टपरीच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. त्यात नियमांची भर घालते, कारण गाईडलाही बऱ्याचदा ते माहीत नसतात आणि "इतका उशीर का" ही टीका चुकीच्या हिशेबावर होते.

यूजीसीचे पीएचडीचे नियम ७ नोव्हेंबर २०२२ पासून बदललेत. प्रवेशापासून जास्तीत जास्त सहा वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी दोन. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर अजून दोन वर्षं मिळू शकतात, एकूण मर्यादा दहा. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी सबंध कालावधीत एकदा २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने दुसऱ्या गावी जावं लागलं तर संशोधनाची सामग्री दुसऱ्या विद्यापीठात नेण्याचीही तरतूद आहे. म्हणून आरएसीत "लग्नानंतर कसं जमणार?" हा प्रश्न कामावरचा शेरा ठरत नाही. आणि तो मुलग्यांना कोणी विचारत नाही. पामबीच मॅडम, तुमच्या विद्यार्थिनीला कोणी असं विचारलं तर तिने उत्तर देण्याआधी तुम्ही "पुढच्या सहा महिन्यांच्या आराखड्याकडे येऊ" म्हणा.

आरएसीचा अभिप्राय लेखी मिळतो, प्रगती असमाधानकारक असेल तर समितीने कारणं आणि सुधारणेचे उपाय नोंदवायचे असतात. तो कागद विद्यार्थ्याने मागून घ्यावा. तोंडी ऐकलेलं घरी पोचेपर्यंत दुप्पट वाईट वाटायला लागतं किंवा निम्मं विसरायला होतं.

अजून एक. टीका कामावर न राहता शरीर, कपडे, खासगी आयुष्य यावर घसरली, किंवा सहीच्या बदल्यात काही सुचवलं गेलं, तर तो या धाग्याचा विषय नाही, अंतर्गत तक्रार समितीचा आहे. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांनुसार तक्रार तीन महिन्यांत करायची असते. चौकशी सुरू असताना त्या व्यक्तीने तक्रारदाराच्या कामाचं मूल्यमापन करू नये, अशी शिफारस समिती करू शकते. "सही अडकेल" या भीतीने गप्प बसणाऱ्यांना हे माहीत असायला हवं.

कळवा_पूर्व

सगळं वाचलं. माझं मत थोडं वेगळं आहे. ठाणे जिल्ह्यातल्या कॉलेजांत मुलगा-मुलगी या फरकाहून मोठा फरक मला दुसरा दिसतो: घरातलं पहिलं माणूस पीएचडीला आलंय का, आणि बारावीपर्यंत शिक्षण मराठीत झालंय का.

शहापूर-मुरबाडहून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी चॅप्टरवर "भाषा सुधारा" असा शेरा मिळतो. त्याला कळत नाही की व्याकरण चुकलंय, की युक्तिवाद तुटलाय. गाईडलाही बऱ्याचदा माहीत नसतं, कारण वाईट इंग्रजीत लिहिलेला चांगला मुद्दा आणि चांगल्या इंग्रजीत लिहिलेला पोकळ मुद्दा पटकन ओळखू येत नाही. यावर उपाय सोपा आहे. शेरा देण्याआधी त्याला मराठीत पाच मिनिटं बोलायला सांगा: या भागात तुला काय सिद्ध करायचंय? मराठीत नीट सांगता आलं तर प्रश्न भाषेचा, आणि तो शेवटच्या खर्ड्यात सुटतो. मराठीतही अडखळला तर प्रश्न मुद्द्याचा. दोन्ही शेरे वेगळ्या शाईत लिहा.

घरात पीएचडी कोणी बघितलेली नसते तेव्हा लाल खुणांनी भरलेला चॅप्टर नेहमीचा असतो हेही कोणी सांगितलेलं नसतं. अशा विद्यार्थ्याला पूर्ण झालेल्या एखाद्या प्रबंधाचा पहिला खर्डा, शेऱ्यांसकट, तो लिहिणाऱ्याच्या परवानगीने दाखवा. त्याने जे कळतं ते धीराच्या दहा वाक्यांनी कळत नाही. कधी कधी मुलगी, पहिली पिढी आणि मराठी माध्यम हे तिन्ही एकाच व्यक्तीत असतात. तिच्या गप्प राहण्याचं कारण "मुलगी आहे म्हणून" असं ठरवून टाकलं की बाकी दोन सुटतात.

येऊर

कळवा, तुमचा मुद्दा मान्य, आणि अभ्यासही त्याच दिशेने जातात. जेफ्री कोहेन, क्लॉड स्टील आणि ली रॉस यांचा १९९९ चा प्रयोग लिंगावर नव्हता, वंशावर होता. ज्याला आधीच शंका असते की "हे मला माझ्या गटामुळे कमी लेखतात", तो टीका कशी वाचतो हा प्रश्न होता. नुसती टीका केली तर कृष्णवर्णीय विद्यार्थी तिला पक्षपाती समजत होते. टीकेआधी नुसतं कौतुक जोडूनही पुरेसं भागलं नाही. टीकेबरोबर दोन गोष्टी सांगितल्या तेव्हा फरक पडला: इथला निकष उंच आहे, आणि तुम्ही तिथे पोचू शकता असं तुमचं काम वाचून मला वाटतं.

तुर्भेंच्या टिपणात ही दोन वाक्यं बसतात: "या शेऱ्यांचा निकष चांगल्या जर्नलच्या परीक्षकाचा आहे. तक्ता ३ ची मांडणी बघता हा चॅप्टर तिथवर जाईल." दुसऱ्या वाक्यात पुरावा हवाच, इथे तक्ता ३ आहे. पुरावा नसताना हेच वाक्य सगळ्यांना चिकटवलं की दुसऱ्याच चॅप्टरला ते पोकळ वाटायला लागतं. आणि खरंच वाटत नसेल तर लिहू नका. त्या वेळी फक्त निकष आणि पुढचं काम लिहा.

पामबीच_वाशी

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न: माझ्या एका विद्यार्थिनीचा पेपर जर्नलकडून परत आलाय. एका परीक्षकाची भाषा फार कडवट आहे. तिला जसंच्या तसं वाचायला द्यावं का? मुलग्याचा पेपर आला असता तर मी हा प्रश्न विचारला असता का, तेही कळत नाही.

तुर्भे_लॅब

द्यायचंच. ती लेखिका आहे, तिचा हक्क आहे. पण एकटीला रात्री मेलमध्ये वाचायला लावू नका.

सिल्बिगर आणि स्टबलर यांनी २०१९ मध्ये ४६ देशांतल्या ११०६ संशोधकांना विचारलं होतं. निम्म्याहून जास्त लोकांना कधी ना कधी असभ्य परीक्षण मिळालेलं होतं, पुरुषांनाही. फरक परिणामात होता: त्यानंतर स्वतःच्या क्षमतेबद्दल शंका गोऱ्या पुरुषांना सर्वांत कमी आली. त्यामुळे मुलग्याचा पेपर आला तरी हीच पद्धत ठेवा, त्याला गरज नाही असं धरून चालू नका.

दोघी एकत्र बसा. परीक्षणाची प्रत काढा. लेखिकेबद्दलची वाक्यं पेन्सिलीने खोडा, उदाहरणार्थ "लेखकाला या विषयाची प्राथमिक जाण नाही." त्यांना उत्तर द्यायचं नसतं. उरलेल्या प्रत्येक वाक्यातून एक काम काढा आणि तेच चार रकाने भरा. कडवट परीक्षणातही बहुतेक वेळा दोन-तीन कामं खरी निघतात, विशेषतः नमुन्यांची संख्या आणि जुने संदर्भ याबद्दल. ती पुढच्या जर्नलला पाठवण्याआधी पूर्ण करा, कारण तोच परीक्षक तिथेही असू शकतो. भाषा अगदीच पातळी सोडून असेल तर संपादकाला मेल करा, चार ओळींची, ते वाक्य उद्धृत करून. ती मेल गाईडच्या नावाने जाऊ द्या, विद्यार्थिनीच्या नाही.